मागच्या चाकांचा टो

आमच्या ह्यांना नुसता आकडा सांगून भागत नाही. तुम्ही म्हणालात ‘तीन’, की हे मान वर न करता विचारणार, “कशात?” डॉक्टर वजनकाट्याकडे बघून म्हणाले, “चौसष्ट.” ह्यांनी तिथेही विचारलं, “कशात?” डॉक्टर म्हणाले, “किलोत, काका. तोळ्यात मोजायला तुम्ही काय दागिना आहात?” मी लाजेने अर्धी झाले. मला दिवस गेल्याचं मी पहिल्यांदा सांगितलं आणि ‘आठवा लागलाय’ म्हटलं, तेव्हाही ह्यांनी आठवडा की महिना ते आधी विचारून घेतलं. माझ्या पोटाकडे बघून कळायला हवं होतं. पण आधी माप आणि मग आनंद, हा ह्यांचा क्रम ठरलेला आहे.

हे गाड्यांची चाकं सरळ करतात. अलाइनमेंटचं दुकान आहे आमचं. एक रॅम्प, एक मशीन, मागे पत्र्याची शेड, आणि काउंटरवर मी. गिऱ्हाईकं ह्यांना पाठीमागे ‘मिलीमीटर’ म्हणतात. ह्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

टो म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं. उभं राहून आपल्या पावलांकडे बघा. अंगठे आत वळले असतील तर टो-इन, बाहेर फाकले असतील तर टो-आउट. चाकांचंही तसंच. फरक इतका थोडा की डोळ्याला दिसत नाही, पण गाडी त्याच्यावरच चालते. गोंधळ सुरू होतो तो मोजण्यात. कोणी तो मिलीमीटरमध्ये सांगतो, कोणी इंचात, कोणी डिग्रीत, आणि आमचं मशीन मिनिटांत. ही घड्याळाची मिनिटं नाहीत, डिग्रीचा साठावा भाग. त्यात आणखी मेख अशी, की नुसता मिलीमीटर सांगून उपयोग नाही, चाक केवढं ते सांगावं लागतं. लहान चाकावर एक मिलीमीटर म्हणजे जास्त वाकडं, मोठ्या चाकावर कमी. तेरा इंची रिमवर एक मिलीमीटर म्हणजे दहा मिनिटांच्या वर, सतरा इंचीवर आठ. मग तो आकडा दोन्ही चाकांचा मिळून आहे की एकेकाचा, हाही प्रश्न. चुकलात की दुप्पट. ह्यांच्या डोक्यात हे सगळं आपोआप फिरतं. माझ्या डोक्यात घरातलं सामान फिरतं, त्यामुळे आमचं बरं जमलं.

आमची मुलगी ह्यांच्यावर गेली. लहानपणी बाहुलीगाडीची चाकं मोजायची. पुढे शिकली, ऑफिसात लागली, आणि लग्न केलं ते अशा माणसाशी की ज्याला मोजमापाचा गंध नाही. जावई स्वभावाने मोकळा, हसरा, थोडा उधळ्या. एक जुनी, बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार त्याने कुठूनशी उचलून आणली. बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग घसरायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. मी एकदाच बसले आणि उतरताना दोघांनी ओढून काढलं. मुलगी कपाळाला हात लावायची, पण रविवारी त्याच्याबरोबर फिरायलाही तीच जायची.

गाडीला नवी चाकं बसवली तेव्हा तो ती आमच्याकडे घेऊन आला. मी काउंटरवरच होते. रॅम्पखाली उभा राहून म्हणाला, “बाबा, मागच्या चाकांना पॉइंट बारा द्या. ही गाडी चालवणारे सगळे तेवढाच देतात.”

“कशात?” ह्यांनी विचारलं.

“कशात म्हणजे? पॉइंट बारा.”

“अहो जावईबापू, पॉइंट बारा मिलीमीटर म्हणजे काहीच नाही. पॉइंट बारा डिग्री म्हणजे सात मिनिटं. आणि पॉइंट बारा इंच म्हणजे तीन मिलीमीटर. मी ह्यातलं काय देऊ?”

जावई हसत सुटला. तिथल्या तिथे मित्राला फोन लावला, विचारलं, आणि म्हणाला, “इंचात. दोन्ही चाकांचं मिळून. झालं समाधान?” झालं. तीन मिलीमीटर, सतरा इंची रिम, म्हणजे चोवीस मिनिटं, एकेका चाकाला बारा. ह्यांनी तेवढा टो-इन दिला, मशीनवर दोनदा बघितला, आणि बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. ही रेघ हे प्रत्येक गाडीला ओढतात. बोल्ट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि कळतं.

त्यानंतर पावसाळी रस्त्यावर एका वळणावर जावई गेला.

एवढंच आहे ते. मला ह्यापेक्षा लांब करून सांगता येत नाही. समोर दुसरं वाहन नव्हतं. गाडी मागून सुटली, फिरली आणि पुढच्या बाजूने भिंतीवर गेली. पोलिसांनी रस्ता ओला होता असं लिहिलं. रस्ता ओला होता हे आम्हालाही दिसत होतं.

सगळं आटोपल्यावर मुलगी आमच्याकडे आली आणि तिच्या जुन्या खोलीत खुर्चीवर बसली. म्हणजे बसली ती बसलीच. सांगितलं की आंघोळ करायची, पुढ्यात ठेवलं की दोन घास खायची, नाही ठेवलं तर मागायची नाही. रडली नाही. मीही रडले नाही. मी भांडी घासली, चादरी धुतल्या, धुतलेल्याच पुन्हा धुतल्या. हे दुकानात जायचे, गाड्या चढवायचे, उतरवायचे. गिऱ्हाईकाने काही विचारलं तर उत्तर द्यायचे. तिघंही आपापल्या जागी लाकडासारखे. भेटायला येणारे म्हणायचे, तिला रडू द्या, मोकळी होऊ द्या. जणू मीच बूच लावून ठेवलं होतं. एक बाई तर म्हणाल्या, तिला कुठे तरी फिरायला न्या. मी त्यांना चहा न विचारता दारापर्यंत पोचवलं.

एका दुपारी केस विंचरून देताना ती मला म्हणाली, अगदी सरळ आवाजात, “आई, मी त्याला फोन केला होता.”

“कधी?”

“तेव्हाच. मी म्हणाले, येताना बल्ब आण. तो म्हणाला, आणतो. मग आवाज आला.”

मी कंगवा थांबवला. ती म्हणाली, “मी फोन केला नसता तर त्याचं लक्ष रस्त्यावर असतं.” मी नाही नाही म्हटलं. आया म्हणतात ते सगळं म्हटलं. ती ऐकत होती, भिंतीवरच्या घड्याळाचं ऐकावं तसं. त्या दिवसापासून तिने ते दोन घासही सोडले. डॉक्टर आले, औषध देऊन गेले. औषध ती घ्यायची. पण दिवसेंदिवस ती त्या खुर्चीत वितळत चालली होती, आणि मला एकच भीती होती. ही पोर अशीच बसून जाणार. दुसरं काही मला सुचत नव्हतं.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “गाडी आणवतो.”

पोलिसांनी गाडी सोडली होती, ती कुठल्या तरी आवारात पडून होती. ह्यांनी ती उचलून आणवली आणि मागच्या शेडमध्ये ठेवली. पुढचा भाग बघवत नव्हता. त्यावर मी जुना पडदा टाकला. मागचा भाग मात्र जसाच्या तसा, धूळ पुसली तर चकाकेल असा. ह्यांनी मला हाक मारली. “अगं, टेप धर.”

अशा गाडीवर मशीन चालत नाही. त्यासाठी ह्यांच्याकडे दोन पत्र्याच्या सपाट फळ्या आहेत, चाकांना बाहेरून टेकवायच्या. त्यांना पुढे आणि मागे खाचा आहेत, दोन खाचांत रिमइतकंच अंतर. एका बाजूला मी टेपचं टोक खाचेत धरते, दुसऱ्या बाजूला हे गाडीखालून टेप ओढून वाचतात. आधी पुढच्या खाचा, मग मागच्या. दोन्हींतला फरक म्हणजे टो. लग्नानंतर मी शिकलेलं हे पहिलं काम. ह्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, मला पलीकडे बोलावून माझ्याकडूनही वाचून घेतलं. पुढे तीन मिलीमीटर कमी होतं. बोल्टवरची पिवळी रेघ अखंड होती.

“चोवीस मिनिटं,” हे म्हणाले. “बरोबर आहे.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला जावयाचंही आठवलं नाही. माझ्या नवऱ्याच्या हातून झालेलं नाही, एवढंच मनात होतं. पण हे एका टायरवर बसले आणि त्यांचा चेहरा पडला.

“तुम्हाला काय झालं? बरोबर आहे ना?”

“चूक असतं तर बरं झालं असतं,” हे म्हणाले. “मग तिला सांगता आलं असतं.”

मी म्हटलं, “डोकं फिरलंय का तुमचं?” आणि टेप गुंडाळून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी मुलीने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. मी चमचा तोंडाशी नेला तर ओठ उघडले नाहीत. रागाने नव्हे. उघडायचे असतात हेच ती विसरली होती. मी चमचा ठेवला आणि शेडकडे गेले, ह्यांना डॉक्टरांकडे पाठवायला. हे गाडीखाली आडवे झाले होते. हातात पाना होता.

“काय करताय?”

“टेप धर.”

मी धरली. का धरली ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं ‘टेप धर’ म्हटलं की मी धरत आले आहे. ह्यांनी बोल्ट सैल केला, थोडा फिरवला, वाचलं, आणखी फिरवला. माझ्या लक्षात आलं तेव्हा माझ्या हातातली टेप सैल पडली. जावई ‘पॉइंट बारा’ म्हणाला होता. तो इंच न धरता मिलीमीटर धरला तर काय येईल, ते हे त्या गाडीला देत होते. म्हणजे जवळजवळ शून्य. सगळी मिळून एक मिनिट. आयुष्यात कधी चुकीचं माप लावलं नाही त्या माणसाने, आणि लावलं तेव्हा तेही केसाचा फरक न ठेवता.

“अहो, हे पाप आहे,” मी म्हटलं.

“टेप ताणून धर. झोळ पडतोय.”

“तिला खरं वाटणार नाही. तुम्ही विचारल्याशिवाय कधी पाना उचलला नाहीत, हे तिला माहीत नाही का?”

“माहीत आहे. पण खरं वाटायला हवंय तिला.”

“आणि उद्या सगळ्यांनी तोंडात शेण घातलं तर? विहीणबाईंनी विचारलं तर? कोणी तक्रार केली तर?”

“बघू.”

“तुम्हाला कोणी बोललेलं मला खपणार नाही. मी सांगून टाकीन.”

हे गाडीखालून बाहेर आले. चेहऱ्यावर धूळ होती. म्हणाले, “तुला दुसरं काही सुचतंय का? सुचत असेल तर सांग. मी आत्ता परत फिरवतो.” मी तिथे उभी राहून खूप विचार केला. मला काही सुचलं नाही. ह्यांनी जुनी रेघ रॉकेलच्या बोळ्याने पुसली, नवी ओढली, आणि तिच्यावर मूठभर धूळ चोळली.

संध्याकाळी हे तिच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसले. मी दारात होते. ह्यांना अभिनय येत नाही. लग्नाच्या फोटोतही ह्यांना हसता आलं नव्हतं. पण त्या दिवशी अभिनय लागलाच नाही, कारण आवाज आधीच मेलेला होता.

“गाडी मोजली,” हे म्हणाले. “माझ्याकडून चुकलं होतं. तो पॉइंट बारा म्हणाला. मी मिलीमीटर धरला. इंच होता.”

मग तिचे ओठ हलले. “किती दिलात?”

“एक मिनिट. द्यायचं होतं चोवीस.”

“म्हणजे मागची चाकं सरळच.”

“हो. त्यात ब्रेक मारला की सांध्यातले रबरी बुश दबतात. मग फाकली असणार. ओल्यात मागचा भाग धरून राहिला नसणार.”

ती ह्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा कोणाकडे तरी बघत होती. “तुम्ही विचारलं नाहीत? कशात म्हणून?”

“नाही विचारलं.”

“तुम्ही? सगळ्या जगाला विचारता आणि त्याला नाही विचारलं?”

“गडबडीत होतो.”

ती उठली. खुर्चीला धरून, लटपटत. मला वाटलं, पडणार. पण सरळ चपला घालून शेडकडे गेली आणि तिथून ओरडली, “आई! टेप धरायला ये!”

त्या आवाजाने मी दचकले. तो तिचा जुना आवाज होता, हट्टाचा. मी गेले. तिने फळ्या स्वतः टेकवल्या, बाप टेकवतो तशाच, तळहाताने ठोकून. मी टोक धरलं. पुढे वाचलं, मागे वाचलं, पुन्हा पुढे. “सारखंच आहे,” ती म्हणाली. मग चाकाशेजारी जमिनीवर बसली आणि पाठ चाकाला टेकून मला म्हणाली, “तू त्या दिवशी काउंटरवर होतीस ना? तू ऐकलं असशील. त्यांनी खरंच विचारलं नाही?”

माझ्या डोळ्यांसमोर जावई हसत फोन लावत होता.

“नाही,” मी म्हटलं. “नाही विचारलं.”

तेव्हा ती रडली. शेडचा पत्रा घुमला इतकं रडली. रडताना बापाला नाही नाही ते बोलली. मला ते शब्द इथे लिहायचे नाहीत. मी तिला धरून बसले होते आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. हे अंगणात उभे होते. सगळं ऐकू जात होतं. रात्री ती भात जेवली, आणखी मागून घेतला.

महिनाभरात ती उठून कामाला लागली आणि मैत्रिणीच्या शेजारी खोली घेऊन राहायला गेली. जाताना ह्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, “ह्यापुढे कोणाच्या गाडीला हात लावू नका.” हे म्हणाले, “नाही लावणार.” आणि खरंच नाही लावला. मशीनवर आता कापड टाकलेलं असतं. हे पंक्चर काढतात, टायर बदलतात, हवा भरतात. विहीणबाई आल्या होत्या. मला वाटलं, शिव्या देतील, आणि मी त्याची तयारी ठेवली होती. त्या एवढंच म्हणाल्या, “त्याचा तुमच्यावर फार विश्वास होता हो.” हे मान खाली घालून, “माझं चुकलं,” म्हणाले. त्या गेल्यावर मी फाटकाशी गेले होते, खरं सांगायला. त्यांची रिक्षा निघेपर्यंत तिथे उभी राहिले आणि परत आले.

मला ह्यांचा राग येतो. ह्यांनी आपल्या हाताने आपलं नाव घालवलं आणि मला त्यात साक्षीदार केलं. मुलीचाही येतो. एवढी बापाची लेक आणि तिला एकदाही शंका येऊ नये? मग मला वाटतं, आली असेलही, आणि तिने ती तिथेच दाबून टाकली असेल. असं वाटलं की मी कामाला लागते.

ती मला फोन करते. बापाचं नाव काढत नाही. परवा जेवायच्या वेळी तिचा फोन आला. ऑफिसातल्या कोणाची तरी गंमत सांगत होती आणि सांगता सांगता हसली. खळखळून नव्हे, पण हसली. हे समोर ताटावर बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला. मी फोन कानाशी घट्ट दाबला, पण ह्यांना हसू ऐकू गेलं होतं. मग ती थांबली आणि म्हणाली, “आई, एक विचारू? तू त्यांच्याबरोबर कशी गं राहतेस?”

मी म्हटलं, “राहते.”

फोन ठेवला. हे माझ्याकडे बघत होते. “काय म्हणाली?”

“बाबा जेवले का, असं विचारत होती.”

ह्यांनी माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं. मी खोटं बोलले की ह्यांना कळतं, पहिल्यापासून कळत आलंय. मग त्यांनी ताट पुढे केलं, मी भात वाढला, आणि ते सगळा जेवले.